आवाहन : पुरात भिजलेला ऑर्गन रंगभूमी दिनाला वाजलाच पाहिजे

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या संस्थेचा मोठा ऑर्गन या पावसाळ्याआधी उघडून दुरुस्तीला घ्यायचाच, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला आहे. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, नांदी त्याच्यावरच व्हावी अशी सर्वांची इच्छा आहे. हाताशी वेळ थोडा आणि शिल्लक त्याहून थोडी, म्हणून हे पत्र.

कोणता ऑर्गन, हे सांगलीकरांना सांगायला नको. नाटक कंपनी बंद पडल्यावर तो लिलावात जाणार होता. तेव्हा आपल्या संस्थापक मंडळींनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून तो बैलगाडीतून गावभागात आणला. गणपती पेठेतील एका व्यापारी बंधूंनी नाव न छापण्याच्या अटीवर निम्मी रक्कम दिली आणि पुढे कधी त्याचा उच्चारही केला नाही. हरिपूरच्या ज्या निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या, त्यांनी पहिल्या पेन्शनमधून त्यावर घालायची मखमली खोळ शिवून दिली. आपले जुने ऑर्गनवादक मास्तर तर प्रयोग संपल्यावर सर्वांत शेवटी नाट्यगृहातून निघत. पट्ट्या मऊ फडक्याने पुसून, सगळे स्टॉप (आवाज निवडायच्या खुंट्या) आत ढकलून, झाकण लावल्याशिवाय त्यांचा पाय घराकडे वळत नसे. त्यांनी विनामूल्य शिकवलेली मुले आज पुण्या-मुंबईत साथ करतात. या सर्वांचे ऋण फिटणारे नाही.

वाद्य आहे बॉस्टनच्या मेसन अँड हॅमलिनचे. ही कंपनी १८५४ साली सुरू झाली. ६१ पट्ट्या, दोन ओळींत मिळून १२२ पितळी सूर, म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या पातळ जिभा. चर्चमधल्या नळ्यांच्या पाइप ऑर्गनचा हा धाकटा भाऊ. यात नळ्या नाहीत, सगळे काम सुरांचे आणि भात्याचे. आपल्या पेटीत भात्याने हवा कोंडून सुरांतून बाहेर सोडतात. या ऑर्गनमध्ये उलटे असते. पायांनी पायटे दाबले की आतली हवा खेचली जाते आणि बाहेरची हवा सुरांतून आत शिरते. त्याचा गोल, मुलायम आवाज बऱ्याच अंशी यातून येतो. गाणारा तान घेऊन वर चढला की वादकाचा पाय त्याच्याबरोबर चढतो, आलाप विरत आला की पायही हलका होतो. गंधर्व नाटक मंडळीच्या पदांमागे ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी ऐकून ज्यांचे कान तयार झाले, त्यांना हे वेगळे सांगायला नको. “आता कीबोर्डमध्ये ऑर्गनचा आवाज मिळतो की,” असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. आवाज मिळत असेल, पण तो पायाखाली श्वास घेत नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाई आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली आणि संस्थेच्या तळमजल्यात पाणी शिरले. ऑर्गन वर न्यायला चौघे कार्यकर्ते छातीभर पाण्यात उतरले, पण एवढे धूड जिन्यावर चढेना. पाणी ओसरल्यावर पाठीमागची फळी काढली तेव्हा भात्याच्या घड्यांत बोटभर गाळ बसलेला होता. जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो. फळ्या सुटल्या, रबरी कापड फुगून फाटले, स्प्रिंगा गंजल्या. पितळी सूर मात्र बहुतेक शाबूत आहेत, ही मोठी गोष्ट. भाता कुठेही फुटका असला तर आत ओढ धरत नाही आणि सगळे वाद्य मुके होते. आज नेमके तेच झाले आहे. २०२१ च्या पुरात तो वरच्या मजल्यावर होता म्हणून वाचला, पण तेव्हापासून पट्ट्यांखालच्या फेल्टला कसर लागली आहे आणि लाकडात वाळवी शिरायची भीती आहे.

दुरुस्ती करताना घाई नको, हा आमचा आग्रह आहे. युरोपात जुन्या पाइप ऑर्गनच्या जतनात एक शिस्त पाळतात : मूळ भाग शक्यतो टाकायचा नाही, जे बदलले त्याची लेखी नोंद ठेवायची. तीच आपण पाळणार. प्रत्येक सूर काढण्याआधी त्याचे छायाचित्र घेऊन जागेचा क्रमांक लिहायचा. सुराचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो, आणि जास्त घासलेले पितळ परत येत नाही. मागे एका कारागिराने घाईत दोन सूर असेच कायमचे बिघडवले. म्हणून यावेळी काम जाणकाराकडेच दिले आहे. ते पूर्ण झाल्यावर प्रत्येक पट्टीचा आवाज ध्वनिमुद्रित करून अभ्यासकांना खुला ठेवू.

एक गोष्ट लिहू की नको असे झाले होते, पण लिहितो. गेल्या आवाहनाला जो प्रतिसाद मिळाला, त्यात भात्याचे कापडही आले नसते. उत्सवाच्या रोषणाईला याच शहरात एका रात्रीत वर्गणी जमते. ऑर्गनशेजारी उभे राहून फोटो काढून गेलेल्यांपैकी कितीजण पावती फाडायला परत आले? १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी जिथे मराठी नाटक उभे केले, त्या गावाला हे शोभत नाही. १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले टिळक स्वराज्य फंडासाठी एकाच रंगमंचावर उभे राहिले. नाटकवाल्यांनी देशासाठी हात पसरले, तेव्हा लोकांनी ते भरले. आज नाटकवाले वाद्यासाठी पसरत आहेत.

अंदाजे खर्च ३ लाख रुपये (भाता, कापड, फेल्ट, चामडे, कारागिराची मजुरी व राहणे, ध्वनिमुद्रण). देणगी धनादेशाने संस्थेच्या नावे किंवा रोख, कार्यालयात सायं. ५ ते ७, रविवार बंद. पावती अवश्य घ्यावी. परगावच्या सभासदांनी खाते क्रमांक कार्यालयातून मागून घ्यावा. जुने सागवान, वापरलेली पण चांगली कातडी चालतील. मे अखेरपर्यंत रक्कम हाती आली तरच काम वेळेत सुरू होईल.

आपला नम्र,
कार्यवाह

ता. क. : कोणाच्या माळ्यावर, देवळाच्या सभामंडपात किंवा गोव्या-कोकणातल्या नातेवाइकांकडे जुना पायपेटीचा ऑर्गन पडून असेल, तर भंगारात घालण्याआधी एकदा कळवा. मोडका असला तरी त्याचे सूर आणि स्प्रिंगा दुसऱ्याला उपयोगी पडतात. आम्ही स्वतः येऊन पाहू.