मंत्रीसाहेब, पाय वाचला. आता त्यावर उभं कसं राहायचं?

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी अमळनेर तालुक्यातला कोरडवाहू कापूस उत्पादक. मांडीच्या कॅन्सरमधून माझा पाय वाचला, पण अधू झाला. गेल्या सोमवारी दिव्यांग प्रमाणपत्राच्या तपासणीसाठी एका रुग्णालयात गेलो होतो. डॉक्टरांनी पॅन्ट वर करायला लावली, क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "पाय तर आहे की तुमचा." चाळीस टक्के भरत नाहीत म्हणून अर्ज परत. २०१६ च्या कायद्यात सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे, ते मला मान्य आहे. पण सरकारच्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलंय की पायाची तपासणी करताना माणसाला उकिडवं बसता येतं का, मांडी घालता येते का, जिना चढता येतो का, हे पाहायचं. मला कोणीही खाली बसायला सांगितलं नाही. जिना तर त्या खोलीच्या बाहेरच होता.

माझ्या उजव्या मांडीत गाठ आली. दुखत नव्हती, नुसती वाढत होती. इथल्या एका दवाखान्यात ती चरबीची गाठ समजून काढली. एमआरआय नाही, बायोप्सी नाही, आणि चीर आडवी. मागाहून रिपोर्ट आला, सार्कोमा. म्हणजे स्नायू, चरबी अशा मऊ भागांत होणारा कॅन्सर. गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, खोलवर असेल, वाढत असेल, तर आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा काढून बायोप्सी, आणि त्यानंतरच चाकू. चीर पायाच्या लांबीने घ्यायची, कारण दुसऱ्या ऑपरेशनात आधी हात लागलेली सगळी जागा काढून टाकावी लागते. माझी आडवी होती म्हणून मुंबईत मांडीचं जास्त मांस गेलं, वर दुसऱ्या मांडीची कातडी लावावी लागली. इथे मला पहिला सल्ला मिळाला होता तो पाय मांडीतून कापण्याचा. मुंबईच्या सर्जननी तो वाचवला. त्यांचे उपकार फिटणार नाहीत.

साहेब, पाय वाचवणं ही काही कालची विद्या नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९८२ साली अभ्यास छापला. ४३ रुग्ण होते. १६ जणांचा हात किंवा पाय कापला, २७ जणांचा राखून रेडिएशन दिलं. जगण्यात फरक पडला नाही. चाळीस वर्षं उलटून गेली. आता चांगल्या केंद्रांत दहातल्या नऊ जणांचा अवयव वाचतो. मग तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत एवढी माहिती पोहोचवायला सरकारला आणखी किती वर्षं हवीत?

आणि वाचलेल्या पायाचं पुढे काय होतं ते ऐका. रेडिएशनने मांडी लाकडासारखी झालीय. गुडघा अर्धाच वाकतो. संध्याकाळी पाय सुजतो. उकिडवं बसता येत नाही, म्हणजे निंदणी बंद आणि संडासचीही पंचाईत. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन सरीतून चालता येत नाही. लग्नात पंगत बसते तेव्हा मी भिंतीपाशी खुर्ची शोधतो. वेचणीला बायको एकटी जाते, मी बांधावर बसून गाठोडी मोजतो. गावातले भले लोक म्हणतात, "पाय वाची गया ना भो, आखो काय जोयजे?" म्हणजे, पाय वाचला ना, आणखी काय पाहिजे? त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो हेच वाक्य शिक्का मारून देणाऱ्या सरकारवर.

सुरुवातीच्या महिन्यांत रोज नीट फिजिओथेरपी मिळाली असती तर गुडघा याहून जास्त वाकला असता, असं मुंबईच्या डॉक्टरांनीच सांगितलं. ती इथे खासगीत, रोजच्या पैशाने. महात्मा फुले योजनेत पाच लाखांपर्यंत ऑपरेशन होतं, ते माझंही झालं. २०१२ साली ही योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली तेव्हा त्यात आमच्या शेजारचा धुळे जिल्हा होता, हेही विसरलेलो नाही. पण ऑपरेशनचं बिल निघालं की फाइल बंद. रेल्वे कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट फुकट देते, सोबत्यालाही मोठी सवलत देते. मात्र ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा-सात आठवडे, आठवड्यातले पाच दिवस चालतं. तेवढे दिवस मुंबईत राहायचं कुठे? खायचं काय? जळगावहून मुंबई सव्वाचारशे किलोमीटर आहे, घरून ये-जा होत नाही. माझ्यापाशी विकायला एक बैलजोडी तरी होती. नंदुरबारकडच्या धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या माणसाने काय विकायचं?

निवडणुकीत आमच्या चौकात मंचावरून शब्द दिला होता की कॅन्सरसाठी आता खानदेश सोडावा लागणार नाही. टाळ्या पडल्या. तेव्हा गाठ माझ्या मांडीत होती. शब्द देणारे पुन्हा फिरकले नाहीत. आमच्या तालुक्यात तापीवर पाडळसे धरण आहे, त्याच्या घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली, शेतं कोरडीच राहिली. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेजं आली, फिती कापल्या गेल्या. तुमचं सरकार इमारत मोजतं, ऑपरेशन मोजतं. त्यानंतर माणूस शेतात परतला की खाटेवर पडला, हे मोजणारा एक कारकूनही तुम्ही नेमलेला नाही.

म्हणून मागतो ते लेखी मागतो. संशयास्पद गाठीला एमआरआय आणि बायोप्सीआधी चाकू लावू नये, असं परिपत्रक प्रत्येक तालुक्याला काढा. सार्कोमाच्या रुग्णाची फिजिओथेरपी आणि रेडिएशनच्या काळातला मुक्काम योजनेत घाला. आणि दिव्यांग तपासणीत माणसाला खाली बसवून बघा, उठता येतं का. माझी फेरतपासणी लावा, मी येतो. तारीख कळवा. पत्ता परत आलेल्या अर्जावर आहे.

आपला,
एक कापूस उत्पादक शेतकरी,
ता. अमळनेर, जि. जळगाव