कोब्लेंट्सच्या संगमावरून

आखेन, जर्मनी
रविवार, रात्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. घरची खुशाली वाचून फार बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की वर्षभरात माझे किती देश पाहून झाले. त्याचे उत्तर एका आकड्यात देता येईल, पण तो आकडा तुला कळवावा असे मला वाटत नाही. येत्या ऑक्टोबरात तू स्वतःच इकडे शिकायला येणार आहेस, म्हणून इथले शनिवार-रविवार कसे घालवावेत याबद्दल मला जे मनापासून वाटते, ते आज सविस्तर लिहितो.

पहिल्या सत्रात मीही देश मोजतच होतो. वर्गातल्या चौघांबरोबर शुक्रवारी रात्रीच्या बसने निघालो आणि रविवारी रात्रीपर्यंत पॅरिस आणि ब्रसेल्स अशी दोन शहरे उरकली. दोन्ही रात्री बसमध्ये बसल्या बसल्या काढल्या, आयफेल टॉवरखाली फोटो काढून होतात न होतात तोच पुढच्या बसची वेळ झाली आणि सोमवारी सकाळच्या तासाला फळ्यावरचे काही डोक्यात शिरेना. त्या प्रवासातले आज मला काय आठवते, तर ओले मोजे आणि उड्डाणपुलाखालचा एक बसथांबा. पैसे गेले ते वेगळेच. माझ्या वेळी व्हिसासाठी खात्यात वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागले आणि त्यातून दरमहा 992 युरोच काढता येत होते. घरभाडे आणि आरोग्य विमा वजा जाता हाती जे उरते त्यात असा एक शनिवार-रविवार फार महाग पडतो.

त्यानंतर मी ठरवले की जायचे ते जवळच आणि संथ गाडीने. 2023 च्या मे महिन्यापासून जर्मनीत एक मासिक तिकीट सुरू झाले आहे, ज्यावर देशभरातल्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, शहरी बस आणि ट्राम चालतात. 2024 च्या उन्हाळी सत्रापासून अनेक विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना ते मूळ किमतीच्या 60 टक्क्यांत मिळते आणि सत्राच्या शुल्कातच त्याचे पैसे घेतले जातात. वेगवान गाड्यांना ते चालत नाही. म्हणजे आपल्याकडच्या पॅसेंजरने फिरावे तसे दर स्टेशनावर थांबत, दोन-तीनदा गाडी बदलत जावे लागते. सुरुवातीला मला ही अडचण वाटली होती, आता मात्र या प्रवासातला खरा आनंद तोच आहे असे वाटते, कारण खिडकीतून गावे दिसतात, माणसे सायकली घेऊन चढतात-उतरतात आणि नदी कुठल्या बाजूने येते हे आपल्याला कळते.

एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घे. पासपोर्ट आणि वास्तव्याचे कार्ड ही दोन्ही मूळ कागदपत्रे बरोबर असल्याखेरीज सीमा ओलांडू नकोस. कुठे फाटक नाही, कुठे पहारा नाही, म्हणून सीमाच नाही असा माझा समज झाला होता. बेल्जियममधल्या लीजहून परतताना आमची बस सीमेलगत थांबवली गेली आणि माझ्याजवळ पासपोर्टची फक्त छायाप्रत निघाली. मला खाली उतरवले, नाव-पत्ता तपासला, सगळे सौजन्यानेच झाले. पण बस निघून गेली आणि पुढचे दोन तास मी रस्त्याकडेला थंडीत उभा होतो. जर्मनीने 2024 च्या सप्टेंबरपासून आपल्या सर्वच भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, हे मला माहीत असूनही मी निष्काळजी राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

आखेनपासून सर्वांत जवळची सीमा नेदरलँड्समधल्या वाल्स गावाची. शहरी बसने वाल्सला जावे आणि तिथून झाडीतून टेकडी चढावी. या वाल्सरबर्गच्या माथ्यावर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स एकत्र येतात. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीचे हे सर्वांत उंच ठिकाण, आणि त्याची उंची जेमतेम 322 मीटर! आपले सातारा शहर पायथ्याशीच याच्या दुपटीहून उंच आहे. पण या टेकडीवर एके काळी चौथा प्रदेशही येऊन टेकत होता. जवळच्या जस्ताच्या खाणीवर कोणाचा हक्क, हे प्रशिया आणि नेदरलँड्सला ठरवता आले नाही, म्हणून 1816 मध्ये खाणीभोवतीचा एक चिमुकला पट्टा तटस्थ ठेवला गेला, आणि पहिल्या महायुद्धानंतर बेल्जियमकडे जाईपर्यंत तो तसाच राहिला. एका खाणीपायी माणसांच्या तीन-चार पिढ्या कुठल्याच देशाच्या पूर्ण नागरिक नव्हत्या, ही गोष्ट त्या सीमेच्या दगडाला टेकून बसल्यावर मला फार वेळ छळत राहिली.

आता ज्या प्रवासासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे वळतो. गेल्या महिन्यात एका शनिवारी पहाटे मी ट्रियरला निघालो. इथे रविवारी दुकाने बंद असतात, त्यामुळे शुक्रवारीच सामान आणून सहा चपात्या लाटल्या आणि आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी डब्यात भरून घेतली. क्योल्नला, म्हणजे कोलोनला, गाडी बदलायची होती. स्टेशनाच्या दारातून बाहेर पडताच समोर ते कॅथीड्रल उभे राहते. 1248 साली सुरू झालेले बांधकाम 1880 साली पूर्ण झाले, याची माहिती मी आधी वाचली होती, पण 157 मीटर उंचीचा दगड मान वर करून पाहताना तारखा सुचत नाहीत.

पुढे बॉनला मुद्दाम तासभर उतरलो. 1921 साली बाबासाहेब आंबेडकरांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. त्यांचे शिक्षण इथे पुढे गेले नाही, लंडनचे काम त्यांना पूर्ण करायचे होते. पण तुटपुंज्या पैशांत परक्या भाषेच्या विद्यापीठाचे दार ठोठावणारा तो विद्यार्थी, विद्यापीठाच्या जुन्या राजवाड्यासमोरच्या हिरवळीवर बसलो असताना मला फार जवळचा वाटला. याच बॉनमध्ये 1823 साली श्लेगेल या प्राध्यापकाने भगवद्गीता देवनागरी अक्षरांत छापून लॅटिन अनुवादासह प्रसिद्ध केली होती.

तिथून गाडी ऱ्हाईनच्या काठाकाठाने कोब्लेंट्सला येते. या गावाच्या नावातच संगम आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तोच. मोझेल नदी इथे ऱ्हाईनला मिळते आणि दोन्ही नद्यांच्या मधल्या दगडी टोकावर सम्राट पहिल्या विल्हेल्मचा भव्य अश्वारूढ पुतळा आहे. पुतळ्याकडे मी फारसे पाहिले नाही. अगदी टोकाला, पाण्याजवळच्या पायरीवर जाऊन बसलो आणि डबा उघडला. डावीकडून मोझेल संथ येत होती, उजवीकडून ऱ्हाईन तिच्याहून रुंद आणि जोरकस, आणि दोघींच्या मिळण्याच्या जागी पाण्यावर एक वाकडी रेघ थरथरत होती. मित्रा, तुझी शपथ, त्या क्षणी मला माहुली दिसली. कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात तिथल्या घाटावर, विश्वेश्वराच्या देवळाखाली, सज्जनगडावरून परतताना आपण अशाच चपात्या सोडून बसायचो आणि तू पाण्यात पाय सोडून पुढच्या रविवारचा गड ठरवायचास. चटणीचा वास आला आणि मला घास गिळवेना. वर्षभरात घरची इतकी तीव्र आठवण मला कुठल्याच मोठ्या शहरात झाली नव्हती.

संध्याकाळी ट्रियरला पोचलो आणि वसतिगृहात पाठपिशवी टाकून थेट पोर्टा निग्रा पाहायला गेलो. ही रोमनांनी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात बांधलेली शहराची वेस. वालुकाश्माचे प्रचंड चिरे चुन्याविना एकावर एक रचलेले आणि लोखंडी पट्ट्यांनी जखडलेले. आपल्या हेमाडपंती देवळांची आठवण व्हावी असे. मध्ययुगात लोकांनी चिरे खोदून त्यांतले लोखंड काढून नेले. त्या खाचा अजून तशाच आहेत, आणि त्यातल्या एका खाचेत माझी चार बोटे आत गेली. आतला दगड बाहेरच्यासारखा काळा नव्हता, पिवळसर होता. ही वेस वाचली ती एका संन्याशामुळे. अकराव्या शतकात सिमेऑन नावाचा ग्रीक साधू तिच्यात स्वतःला कोंडून घेऊन राहिला, त्याच्या मृत्यूनंतर तिचेच चर्च केले गेले, आणि म्हणून तिचे दगड इतर वेशींच्या दगडांसारखे लोकांच्या घरांना लागले नाहीत.

रविवारी सकाळी मोझेलच्या काठाने जाणाऱ्या गाडीने पेर्ल या गावी उतरलो आणि पुलावरून चालत पलीकडच्या लक्झेंबर्गमधल्या शेंगेनला गेलो. होय, ज्याच्या नावाने युरोपचा व्हिसा ओळखला जातो तेच शेंगेन. द्राक्षाच्या मळ्यांखाली वसलेले छोटेसे गाव आहे. 14 जून 1985 रोजी नदीतल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, लक्झेंबर्ग, नेदरलँड्स आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी या पाच देशांनी इथे आपसांतल्या सीमा खुल्या करण्याच्या करारावर सह्या केल्या, आणि 26 मार्च 1995 पासून सीमांवरची तपासणी प्रत्यक्षात उठली. मी पुलाच्या मध्यावर थांबलो. व्हिसासाठी जमवलेले कागद, बाबांनी बँकेत मारलेल्या खेपा, मुलाखतीच्या आदल्या रात्री तू माझ्या खोलीवर येऊन एकेक प्रत मोजून पाहिलीस ते, सगळे आठवले. खाली बदके पोहत होती. या खेपेस पासपोर्ट खिशात होता. कोणी विचारला नाही, तरी मी तो बाहेर काढून एकदा पाहिला.

तेव्हा येताना यादी करून येऊ नकोस. सज्जनगड चढताना घालतोस ते बूट आण आणि चटणी जरा जास्त आण. आखेनजवळच्या डोंगरांत मोनशाऊ नावाचे लाकडी चौकटींच्या घरांचे गाव आहे, तिथे इथून थेट बस जाते. सगळे जण जाऊन आले, मी मात्र अजून गेलेलो नाही. तुझा पहिला शनिवार आला की आपण दोघे मिळून जाऊ.

काकांना आणि काकूंना माझा नमस्कार सांग. पत्राची वाट पाहतो.

तुझाच,
मित्र