खोकल्याचं औषध नव्हे

शिरोडा,
रविवार, सकाळ

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू मला धड बोलूच दिलं नाहीस. ‘मध घातलेली गव्हाची बिअर’ एवढं कानावर पडलं नाही तोच ‘म्हणजे खोकल्याचं औषध’ म्हणून खो खो हसलास आणि गाडी नाशकातल्या कांद्याच्या भावावर नेलीस. म्हणून आता लिहूनच कळवतो. पत्रात मध्येच तोंड घालता येत नाही.

पहिली गोष्ट, ती बिअर गोड नाही. अजिबात नाही. मेव्हणा सोबत होता, त्याने पहिला घोट घेतला आणि हॉटेलातल्या पोऱ्याला विचारलं, “ह्यात मध खंय असा?” पोऱ्या शांतपणे म्हणाला, “यीस्टने खाल्ला.” उत्तर अगदी बरोबर होतं. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखर, आणि तीही बहुतेक फ्रुक्टोज-ग्लुकोज, म्हणजे यीस्टला, त्या आंबवणाऱ्या बुरशीला, आयतं ताट. धान्याच्या साखरेतला काही भाग यीस्टला पचत नाही, तो मागे राहतो आणि बिअरला अंग देतो. मधाचं तसं नाही, तो जवळपास सगळाच आंबतो. त्यामुळे मध घातलेली बिअर उलट कोरडी आणि हलकी होते. आपल्या माडीचं आठव ना. पहाटे उतरवलेली किती गोड, आणि दुपारपर्यंत तिचा गोडवा कुठे जातो? तेच इथे, फक्त सावकाश आणि थंडाव्यात.

मग मध घालायचाच कशाला, असं तू विचारशील. वासासाठी. आणि तो वास टिकवणं हीच खरी कसोटी. धान्याचा रस हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी फुलं, घालून तासभर उकळतात, त्यात मध टाकला तर वास वाफेबरोबर उडून जातो. म्हणून शहाणा माणूस आच बंद केल्यावर घालतो, नाहीतर थेट आंबवण्याच्या टाकीत. मध नुसता बरणीत वर्षानुवर्षं राहतो, कारण त्यात पाणी वीस टक्क्यांच्याही आत असतं, यीस्टला तिथे जगताच येत नाही. पातळ केला की मात्र लगेच आंबायला लागतो.

आम्ही आरोंद्याचा पूल ओलांडून गोव्यात किरणपाण्याला उतरलो आणि तिथून खाली हरमलच्या बाजूला गेलो होतो, मेव्हण्याच्या बोटीच्या इंजिनाचं काम होतं म्हणून. काम झालं नाही, ते सोड. जेवायला बसलो त्या जागेत ही बाटली होती. पोऱ्याने उंच, वर रुंद होत जाणारा ग्लास तिरका धरून बाटली हळूहळू ओतली. बाटलीच्या तळाशी दोन बोटं बिअर ठेवली, मग बाटली गोल फिरवून तळाचा गाळ उठवला आणि तोही वरून ओतला. मेव्हण्याला वाटलं, घाण ओततोय. तो गाळ म्हणजे यीस्ट. ते आणि गव्हातली प्रथिनं मिळून ही बिअर गढूळ दिसते, आणि फेस घट्ट धरतो तोही गव्हामुळेच. नुसत्या गव्हावर मात्र भागत नाही. गव्हाला टरफल नसतं, रस गाळताना सगळा चिखल होतो. म्हणून बरोबर जव घ्यावाच लागतो.

गार असताना पहिल्या घोटात लवंग आली आणि मागोमाग पिकलेलं केळं. दोन्हीपैकी काहीही त्यात घातलेलं नसतं, बव्हेरियन पद्धतीचं यीस्टच हे वास तयार करतं. मधाचा पत्ता नाही! मी ग्लास तसाच ठेवला. तुला सवय आहे बर्फातून काढलेली स्ट्राँग बिअर घशाखाली ढकलायची, तसं इथे केलंस तर फुकट पैसे जातील. ग्लासावरचं दव ओघळून गेलं तेव्हा कुठे मध वर आला. आधी मेणाचा वास, पोळं पिळल्यावर हाताला राहतो तो, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मागे बारीकशी कडसर चव. मला ती जांभळाच्या मधाची वाटली. लेबलावर नुसतं ‘जंगली मध’ एवढंच. हे मला पटलं नाही. सातेरी माशीचा की आग्या माशीचा, जांभळाचा की कारवीचा, काहीतरी सांगा ना! कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, तिचा मध हाती लागला तर माणूस नाव लपवेल होय?

बरोबर रवा लावून तळलेले मुडदुशे होते. झकास जमलं. गोड्या, नाजूक मासळीला ही बिअर कुठेही आडवी येत नाही. नंतर बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं आलं आणि लवंग, केळं, मध सगळे गारद. तिरफळाने जीभ बधिर झाल्यावर पुढे काय कळणार, कपाळ? आणखी एक पाहिलं, मेव्हण्याच्या ग्लासातला फेस दोन घोटांत बसला, माझा टिकला. त्याच्या मिशांना माशाचं तेल लागलं होतं. तेलाने फेस मोडतो. मी रुमाल पुढे केला तर रागावला.

तुझ्यासारख्या इतिहासवेड्यासाठी थोडं. १५१६ साली बव्हेरियात कायदा झाला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच. मध तर सोडच, गहूसुद्धा त्यात बसत नव्हता. पण पुढे राजघराण्याने गव्हाच्या बिअरचा हक्क स्वतःकडे ठेवला आणि त्यावर भरपूर पैसा केला. कायदा प्रजेला, गहू राजाला. १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडरने तो हक्क मिळवला, तोवर या बिअरची मागणी पार घटली होती.

तुझ्यासाठी बाटली आणली नाही. गोव्याहून येणारी दारू तपासणारा बांद्याचा नाका तुला माहीत आहे, आणि या वयात मला तिथे खुर्चीवर बसून कागद भरायचे नाहीत. तूच ये. मांडवी एक्सप्रेसने सावंतवाडीला उतर, मी रिक्षा पाठवतो. मात्र त्या दिवशी सकाळपासून तंबाखू बंद, नाहीतर तुला लवंगही कळायची नाही. वहिनींना घेऊन आलास तर उत्तम, त्या निदान ऐकून तरी घेतात. आणि येताना तुमच्याकडचा लसूण दोन किलो आण, इथला या वर्षी अगदीच पोचट आहे.

तुझा,
आप्पा