यंदा वाचायला चार कादंबऱ्या

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

पुस्तकांची नावं दोघांनीही मागितलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आई, तू मॅडलिन मिलरच्या ‘सर्सी’पासून (२०१८) सुरुवात कर. खलाशांची डुकरं करणारी ही चेटकीण ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्यात थोडीच भेटते, इथे सगळी कथा ती स्वतः सांगते, ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण सांगतो तशी. डुकरं का केली हे कळलं की तिचा राग येत नाही. सुरुवातीला नावांची गर्दी होते. एका कागदावर एवढंच लिहून ठेव: बाप सूर्यदेव हीलिऑस, भाऊ ईटीस (मीडिया नावाच्या चेटकिणीचा बाप), बहीण पासिफाई (बैलाचं डोकं असलेल्या मिनोटॉर राक्षसाची आई). ‘ओडिसी’चा नायक ओडिसियस बराच उशिरा येतो, त्याची वाट बघत पानं उलटू नकोस.

मग पॅट बार्करचं ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’. ट्रॉयच्या युद्धावरच्या ‘इलियड’ महाकाव्यात ग्रीक योद्ध्यांचं भांडण ज्या बंदिवान ब्रिसेइसवरून पेटतं, ती इथे बोलते. गुलामी, बलात्कार सगळं उघड लिहिलंय. झोपण्यापूर्वी वाचू नकोस. आणि ट्रॉयचा प्रसिद्ध लाकडी घोडा ‘इलियड’मध्ये शोधू नकोस, तो तिथे नाहीच; ते ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर संपतं.

बाबा, तुमच्यासाठी आर्थर क्लार्क यांचं ‘राँदेव्हू विथ रामा’ (१९७३). २१३१ साली सूर्यमालेत एक प्रचंड पोकळ नळकांडं शिरतं. सुमारे चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी, या फिरण्यामुळेच आत वजन जाणवतं. माणसं अक्षापाशी आत शिरतात, तिथे वजन शून्य. जिना उतरावा तसं ते वाढत जातं, तळाशी पृथ्वीच्या निम्म्याहून थोडं अधिक. पुढे सूर्याची ऊब कवचातून आत येते, म्हणून गोठलेला समुद्र खालून वितळतो. पाणी बर्फापेक्षा कमी जागा घेतं, वरच्या थराचा आधार जातो आणि तो कोसळतो. असा हिशेब पानोपानी आहे. पात्रं मात्र पातळ आहेत. पुढचे भाग जेंट्री ली यांच्यासोबत लिहिलेले, त्यांचा बाज वेगळा. माझ्या मते ते घेऊच नका.

माणसं हवीत तर अर्सुला ले ग्विनचं ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ (१९६९) दोघांनीही वाचा. त्यातल्या बर्फाळ ग्रहावरची माणसं कायमची स्त्री किंवा पुरुष नसतात. पहिली काही प्रकरणं परक्या शब्दांनी भरलेली आहेत, बरेच जण तिथेच सोडतात. अर्थ शोधत थांबू नका, पुढे आपोआप लागतो. मधल्या दंतकथा गाळू नका. शेवटी दोघं जण घसरगाडी ओढत हिमनदी ओलांडतात, तेव्हा त्या उपयोगी पडतात.

छापील प्रतीचा टाइप बारीक वाटला तर ई-रीडरवर घ्या. अक्षर मोठं करता येतं, आणि शब्दावर बोट दाबून धरलं की अर्थ दिसतो.

तुमची लेक