युद्धकाळातल्या नाटकांच्या जाहिराती पुन्हा छापाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

4 डिसेंबरचा नौदल दिन, 16 डिसेंबरचा विजय दिवस आला की 1971 च्या युद्धावर भरभरून लिहिले जाते. कराचीवरचा हल्ला, बुडालेली 'खुकरी' युद्धनौका, ढाक्यातली शरणागती हे सगळे यायलाच हवे. पण त्याच पंधरवड्यात मुंबईत मराठी नाटके चालू होती, यावर एक ओळही माझ्या वाचनात येत नाही, याचे फार वाईट वाटते.

आम्ही तेव्हा परळला चाळीत राहायचो. हवाई हल्ल्याच्या भीतीने काचांना काळे कागद, मोटारींचे दिवे वरून अर्धे काळे रंगवलेले. जरा उजेड दिसला की खालून शिट्टी आणि "बत्ती बंद करा!" अशात आत्याने दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहाची तिकिटे काढली. आई नको म्हणत होती. आत्या म्हणाली, "नटमंडळी येणार आहेत ना? मग आपणही जायचं."

रात्रीचा प्रयोग दुपारी आणला होता. डोअरकीपरच्या टॉर्चला निळा कागद लावलेला. तिसऱ्या घंटेआधी नाटकातले प्रमुख नट रंगलेल्या चेहऱ्यानेच पडद्यापुढे आले आणि म्हणाले, हल्ल्याच्या इशाऱ्याचा भोंगा झाला तर जागेवरच बसा, आम्हीही इथेच आहोत. मध्यंतरात एरवी बटाटेवड्यांवर उडी पडायची. त्या दिवशी सगळे एका ट्रान्झिस्टरभोवती. शेजारच्या बाईंचा मुलगा नौदलात असल्याचे तिथेच कळले. पुढच्या अंकात त्या मनापासून हसल्या, पण आत्याचा हात काही त्यांनी सोडला नाही.

युद्धात नाटके कसली करता, असे म्हणणारे तेव्हाही होते. मला ते कधीच पटले नाही. घरात अंधार करून भोंग्याची वाट पाहणाऱ्या माणसाला तीन तास चारचौघांत बसायला मिळत होते. शिवाय प्रयोग रद्द झाला की पडद्यामागच्या कामगारांची नाईट, म्हणजे त्या प्रयोगाचे पैसे, बुडायची, त्यांच्या घरी चूल कशी पेटणार, हा विचार कोण करतो?

माझी विनंती एवढीच. 3 ते 17 डिसेंबर 1971 च्या अंकांतल्या नाटकांच्या जाहिराती एका पानावर पुन्हा छापाव्यात, बदललेल्या वेळांसकट. सोबत त्या काळी बुकिंगवर, प्रकाशयोजनेत, नेपथ्यात राबलेल्यांना आठवणी कळवण्याचे आवाहन करावे. ही माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. कृपया पुढच्या डिसेंबरपर्यंत थांबू नये.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, ठाणे