निकालाच्या यादीत एक रकाना वाढवा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरला तालुक्यातल्या झेडपी शाळांची निकालाची यादी आली, वरच्या दहा हिरव्या रंगात आणि खालच्या दहा लाल रंगात. आमची शाळा लालमधे आहे. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे, पोरगं तिथंच चौथीला आहे, त्यामुळं गावात दोन दिवस सगळे मलाच विचारत होते की काय चाललंय तुमच्या शाळेत. यादी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही, आकडे बरोबरच असतील. पण त्या वर्गात कोण बसलं होतं ते यादीत कुठंच नाही.

आमचं गाव ऊसतोड्यांचं. पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेतलेली असते, दसरा झाला की ट्रॅक्टर, ट्रक भरायला लागतात, दिवाळीनंतर तर अर्धं गाव कुलूपबंद. नवरा बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडीची एक जोडी, मग लहान लेकरू सांभाळायला आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, भाकरी टाकायला कोण, तर थोरली पोरगी. पोरगा आजीजवळ राहतो, पोरगी जाते, हे आमच्याकडं इतकं ठरलेलं आहे की कुणी त्याच्यावर बोलत पण नाही. ती परत येते मार्च एप्रिलला, कारखाना बंद झाल्यावर. आणि येते तोच संकलित चाचणी दोन, म्हणजे वर्षाच्या शेवटची परीक्षा! वर्षातले पाच महिने उसाच्या फडात काढलेलं लेकरू आणि रोज शाळेत आलेलं लेकरू एकाच ओळीत बसवायचं, सरासरी काढायची आणि वर गावाचं नाव छापायचं.

शिक्षण हक्क कायद्यात (२००९ चा) पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. आमची शाळा तेवढे दिवस भरते, बाई येतात, घंटा होते, खिचडी शिजते, कागदावर सगळं ओके. त्यातले दिवस त्या पोरीला किती मिळाले हे निकाल काढताना कुणी मोजत नाही.

सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. शिक्षण हमी पत्रक आहे, ते घेऊन लेकरानं कारखान्याजवळच्या शाळेत जायचं, तिथं बसवून घेतात. पण टोळी कर्नाटकातल्या कारखान्याला गेली तर जवळची शाळा कन्नड असते, आणि इकडं सांगली, कोल्हापूरकडं गेली तरी फड सारखे बदलतात, आज इथं तर आठ दिवसांनी दुसऱ्या शिवारात. हंगामी वसतिगृह पण आहे, चांगली योजना आहे, लेकरू गावात राहतं, दोन टाइम जेवतं, शाळा बुडत नाही. फक्त मंजुरी यायला उशीर होतो आणि तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. आईबापांनी कुणाच्या भरवशावर लेकरं ठेवायची सांगा ना.

दुसरी गोष्ट पटाची. ज्याच्याकडं चार पैसे आले, कुणी नोकरीला लागलं, कुणाचं दुकान चाललं, त्यांची पोरं पिवळ्या व्हॅनमधे बसून तालुक्याला इंग्लिश मीडियमला गेली. त्यांना नावं ठेवत नाही, माझ्या भावाची पण जातात. पण मग मागं राहिलं कोण? कोयतेवाल्यांची, मजुरांची, ज्यांच्या घरात पाटीवर अक्षर बघायला कुणी बसत नाही अशांची लेकरं. बरं, पट कमी झाला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षक किती ते ठरवतात त्यात) मास्तर पण कमी होतो. कायद्यानं ६० पटापर्यंत दोन शिक्षक, त्यात चार-पाच वर्ग, म्हणजे एक जण तिसरीला भागाकार शिकवणार तोच पहिलीला अ आ करणार, मधेच ऑनलाइन माहिती भरायचा मेसेज येणार. ते बघून अजून दोन पालक व्हॅनचा नंबर विचारतात.

ते 'असर'वाले घरी येऊन सर्व्हे करतात, त्यांच्या २०२४ च्या रिपोर्टमधे देशभरातल्या खेड्यांत सरकारी शाळेतल्या तिसरीच्या १०० पैकी साधारण २३ लेकरांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. पण ते लोक नुसतं वाचून घेत नाहीत, आईबाप किती शिकलेत ते पण विचारतात. पेपरात मात्र आकडा तेवढा येतो आणि बाकीचं राहून जातं.

वाबळेवाडीच्या नावाजलेल्या झेडपी शाळेचं नाव तर आता आम्हाला ऐकवण्यापुरतंच उरलंय. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या त्या शाळेचं खरंच कौतुक आहे, गावानं स्वतःची जमीन दिली शाळेला, थट्टा नाही. पण तिथं गाव वर्षभर गावात असतं हो. आमच्याकडं नोव्हेंबरमधे पालक सभा लावली तर सतरंजीवर म्हाताऱ्याच बसलेल्या दिसतात.

आता कुणी म्हणेल की मास्तरांना वाचवायला लिहिलंय. अजिबात नाही, मोबाइलमधे डोकं घालून बसणारे मास्तर मी पण बघितलेत. उलट अशा याद्यांमुळंच ते सुटतात, कारण जिथं व्यापाऱ्यांची आणि नोकरदारांची पोरं आहेत, घरी ट्यूशन आहे, तिथं मास्तरनं काही नाही केलं तरी शाळा हिरव्यातच येणार. आणि आमच्या बाई, ज्या परत आलेल्या पोरींना सुट्टीत पण बोलावून घेतात, त्या लालमधे. ऊसतोडीच्या गावांची तुलना ऊसतोडीच्या गावांशी करा, मग बघा कोण काम करतं आणि कोण नाही, त्यातही फरक दिसेल आणि तो छापा बिनधास्त, आमची शाळा त्यात खाली आली तर मी समितीत स्वतः जाब विचारीन.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या यादीत रकाने वाढवा. पट किती, त्यातली स्थलांतराला गेलेली किती, शिक्षक किती. आणि जमलं तर सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत तेच लेकरू कुठं होतं आणि शेवटी कुठं पोचलं ते, नुसती शाळेची सरासरी नको. ही माहिती काही गुप्त नाही, शाळेच्या हजेरीत आहे, बीईओ (गटशिक्षणाधिकारी) ऑफिसात पण असणार. आमची हजेरी बघायची तर वार्ताहराला कधीही पाठवा, फक्त शनिवारी सकाळची शाळा असते, लवकर यावं लागेल.

एक पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य
ता. धारूर, जि. बीड