हा घोडा कधी गाडीला जुंपला होता का?

मा. संपादक,
स. न.

कालच्या रविवार पुरवणीत गेटवेसमोरच्या व्हिक्टोरियाचं, म्हणजे मुंबईच्या जुन्या घोडागाडीचं, रेखाचित्र पाहिलं. चाकांचे आरे, गाडीचा टप, मागे ताजचा घुमट, सगळं जिथल्या तिथे. पण घोडा? मान ताठ, अंग तुळतुळीत, डोळ्यांना झापडं नाहीत, तोंडात लगामाचं लोखंडी कडियाळं नाही. आणि खाली ओळ, ‘मुंबईची हरवलेली शान’. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

माझे वडील मिरज स्टेशनवर टांगा चालवायचे. झापडं नसतील तर मागून एसटी आली की घोडं बुजतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं. तंग, म्हणजे पोटाखालून आवळलेला पट्टा, घासतो तिथले केस जातात, मग कातडी सोलवटते. वडील रात्री तिथे तेल-हळद लावत. पावसाळ्यात ओल्या डांबरावर नाल घसरतात. आमची घोडी अशीच स्टेशनाबाहेरच्या वळणावर पडली, पुढचे दोन्ही गुडघे फुटले. सवारी खाली उतरली, गाडी चुकणार म्हणून वडिलांना नाही नाही ते बोलली आणि भाडं न देता निघून गेली. वडिलांनी घोडीला सोडवून पायी घरी आणलं. टांगा आम्ही पोरांनी ढकलत आणला. जखमा भरल्या, पण गुडघ्यांवर केस आले ते पांढरे. शेवटपर्यंत तसेच राहिले. कामाचा घोडा काढायचा तर असं काहीतरी दिसायला हवं.

1874 पासून मुंबईची ट्रामसुद्धा घोड्यांनी ओढली. विजेची आली 1907 साली. पुढे जून 2015 मध्ये हायकोर्टाने हौसेखातर चालणाऱ्या या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या आणि वर्षभराची मुदत दिली, ती घोड्यांचे हाल पाहूनच. गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचंही सांगितलं होतं. त्यांचं काय झालं, घोडे कुठे गेले, यावर तुमच्या पानभर मजकुरात अवाक्षर नाही. टांगेवाल्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे लागतं.

शिवाय चित्रकाराचं नाव इतक्या बारीक टायपात छापलंय की भिंग घेऊनही वाचता येईना. त्याची मेहनत आहे, नाव तरी नीट छापा.

एक विनंती. चित्रकाराला माथेरानला पाठवा. तिथे घोडे अजून माणसं आणि सामान वाहतात. मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर बसून, खोगीर उतरवल्यावर पाठ कशी दिसते ते जवळून पाहून त्याने चित्र काढावं. ते तुम्ही याच पानावर, याच आकारात छापावं.

आपला,
एक वाचक, मिरज